बंद कुठून होते?

नाईक आमच्या यवतमाळच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहाला थांबलेच नाहीत. म्हणजे थांबले, पण बैठकीत नाही! आईनं आधण ठेवल्याचा आवाज आला तसे ते उठले आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. बाबा मागून “बसा हो, बसा” म्हणत राहिले. नाईकांनी वाकून ओट्याखाली पाहिलं, मग शेगडीकडे पाहिलं, आणि आईला विचारलं, “वहिनी, हे बंद कुठून होते?”

“काय बंद कुठून होतं?”

“गॅस. इथं आग लागली तं बंद कुठून कराचा?”

आईनं ओट्याखालचं, शेगडीच्या अगदी पायाशी असलेलं सिलिंडर दाखवलं.

“म्हंजे आगीतून हात घालून?” नाईकांचा चेहरा पडला. “नाई वहिनी, हे जमत नाई. तुमचा हात चांगला हाये, कायले जाळता?”

चहा तसाच राहिला. नाईक बाजारात जाऊन लांब नळी घेऊन आले, मेकॅनिकला सोबत आणलं आणि सिलिंडर मागच्या दाराबाहेर, पत्र्याच्या आडोशाला नेऊन ठेवलं. वरून आईला म्हणाले, “आता बंद करून दाखवा.” आईनं दाखवलं. “आता डोळे मिटून.” आईनं डोळे मिटूनही दाखवलं. बाबा जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. त्यांच्या घरात त्यांना न विचारता खुर्चीसुद्धा हलत नसे. ते नुसते बघत राहिले. नाईक गेल्यावर आई म्हणाली, “माणूस वेडा आहे, पण बरं केलं त्यानं.” सिलिंडर अजून तिथंच आहे.

हे नाईक म्हणजे आमच्या कारखान्यातले टँकर उतरवून घेणारे. पांढरकवड्याजवळ, हैदराबादच्या हायवेला लागून, सरकीच्या पेंडीतून तेल काढणारा एक कारखाना होता. बी.एस्सी. झाल्या झाल्या मला तिथं केमिस्टची नोकरी लागली होती. नाईक बंजारा समाजातले, जवळच्याच तांड्यातले. तांड्याचे खरे नाईक, म्हणजे प्रमुख, त्यांचे थोरले चुलतभाऊ. पण कारखान्यात सगळे यांनाच नाईक म्हणायचे आणि तेही ओ द्यायचे. वय पंचावन्नच्या आसपास, अंगकाठी वाळलेली, डोक्यावर खलाशी घालतात तशी लोकरीची टोपी, तीसुद्धा यवतमाळच्या उन्हाळ्यात!

आमच्या कारखान्यातली धोक्याची गोष्ट एकच, साल्व्हंट. सरकी कितीही पिळा, पेंडीत थोडं तेल राहतंच. ते या साल्व्हंटनं धुऊन काढायचं. दिसायला अगदी पाणी, पण पेट्रोलची सख्खी बहीण. सांडलं की तिची वाफ वर जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते आणि विस्तव शोधते. कुठं ठिणगी भेटली की संपलंच. हे साल्व्हंट टँकरनं यायचं, आणि टँकरमधून जमिनीखालच्या टाकीत उतरवायचं काम नाईकांचं. उतरवण्याआधी टँकरवर चढून नमुना घ्यायचा, तपासायचा आणि चिठ्ठीवर सही करायची हे काम माझं. म्हणून आमची गाठ रोजची.

मी उतावळी. आजही आहे, तेव्हा तर विचारूच नका. नमुना पाच मिनिटांत तपासून, सही ठोकून मी मोकळी. आणि पुढं नाईक! टँकर येऊन उभा राहिला की ते ड्रायव्हरला खाली बोलवायचे आणि म्हणायचे, “बंद करून दाखव.”

एकदा एक आंध्राचा ड्रायव्हर वैतागला. “अरे चाचा, अभी तो खोला भी नहीं, बंद क्या करूँ?”

“खोलाच्या आधीच तं बंद करता आलं पाह्यजे, भिया,” नाईक शांतपणे म्हणाले. “खोलल्यावर शिकशीन काय?”

त्यांची तऱ्हा अशी होती. टँकरच्या व्हॉल्व्हला जोरदार स्प्रिंग असायची. तो उघडा ठेवायला एक खिट्टी लावावी लागे. त्या खिट्टीला नाईकांनी लोखंडी तार बांधायची सोय केली होती. तार ओढली की खिट्टी निसटायची आणि व्हॉल्व्ह खट्‌ करून आपोआप बंद! तारेला ते दोरीच म्हणायचे. अशा दोन दोऱ्या त्यांनी काढल्या होत्या. एक टँकरपासून दहा पावलांवर, खांबाला लावलेल्या लाल मुठीपर्यंत. दुसरी कुंपणाच्या कडेकडेनं थेट फाटकाजवळच्या कडुनिंबापर्यंत, तिथंही तशीच लाल मूठ. प्रत्येक टँकरला दोन्ही दोऱ्या अडकवायच्या, दोन्ही ओढून बघायच्या, दोनदा खट्‌ ऐकायचं आणि मगच नळी जोडून टँकर उघडायचा. एकही टँकर याला सुटला नव्हता.

बरं, ओढायचं ते फक्त त्यांनी आणि ड्रायव्हरनं नाही. फाटकातून जो आत येईल त्यानं! पोस्टमननं पत्र द्यायच्या आधी मूठ ओढायची. चहावाला, चौकीदार, हमाल, पेंड न्यायला आलेले व्यापारी, कोणाची सुटका नसे. एकदा मॅनेजरसाहेबांच्या सासूबाई कारखाना बघायला आल्या. नऊवारी, नाकात नथ, हातात पर्स. नाईकांनी त्यांना कडुनिंबाखाली नेलं आणि म्हणाले, “आजीबाई, ओढा.” आजीबाईंना वाटलं उद्घाटन आहे. त्यांनी नमस्कार करून मूठ ओढली आणि खट्‌ झाल्यावर टाळ्या वाजवल्या. मी प्रयोगशाळेच्या दारात हसून हसून बसले! मला मात्र त्यांनी कितीदा बोलावलं तरी मी गेले नाही. म्हणायची, “मी केमिस्ट आहे नाईक, मला सगळं माहीत आहे.”

“माहीत असणं तं डोक्यात असते, केमिष्टबाई,” ते म्हणायचे. “ओढाले हात लागते.”

एसटीत बसले की मागच्या बाजूची जागा धरायचे, ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ लिहिलेल्या दाराजवळची. आणि गाडी स्टँडवर उभी राहिली की ते दार उघडतं का हे बघायचे. एकदा आम्ही कारखान्यातले सगळे कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला निघालो होतो. यवतमाळच्या स्टँडवर त्यांनी ते दार उघडायला घेतलं, ते गंजलेलं, उघडेना. कंडक्टर धावत आला. “ओ काका, काय करून राह्यले?”

“हे उघडत नाई.”

“मंग? तुम्हाले कुठं जाचं हाये तिथून?”

“मले कुठंच नाई जाचं. पण वेळ आली तं तुम्ही कुठून जासान?”

नाईक खाली उतरले, डेपोतून रॉकेल आणि पाना मागून आणला, ते दार उघडून, बंद करून, पुन्हा उघडून दाखवलं आणि मगच गाडी हलू दिली. अर्धा तास उशीर! मी चरफडत होते. कळंबला पोचलो तर तिथं पायऱ्या उतरून खाली जायचं, समोर कुंड. कधीमधी कुंडाचं पाणी चढतं आणि देवाच्या पायांना लागतं असं पुजारी सांगत होते. नाईकांनी हात जोडले आणि विचारलं, “पाणी चढलं तं बंद कुठून होते, महाराज?”

पुजारी म्हणाले, “देवाचं पाणी आहे, ते देवच बंद करतो.”

“मंग ठीक हाये,” नाईक म्हणाले, “कोणाकडं तरी काम दिलेलं हाये.”

हे वेड त्यांना कुठून लागलं ते मला दोन वर्षांनी कळलं. एका दुपारी टँकरची वाट बघत आम्ही कडुनिंबाखाली बसलो होतो. मी सहज विचारलं, “नाईक, ही खलाशाची टोपी कुठली हो?”

“मुंबईची,” ते म्हणाले. “आमचे आजे बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरत. मी पाण्यावर तेजाब लादलं. धंदा तोच, बैल बदलला.” आणि हसले.

विशीत ते ठेकेदाराच्या मजुरांबरोबर मुंबईला गेले आणि बंदरातल्या बार्जवर लागले. बार्ज म्हणजे इंजिन नसलेली रुंद, चपटी बोट, दुसऱ्या बोटीनं ओढून न्यायची. मोठ्या जहाजातलं तेजाब, बेंझीन असलं काहीबाही तिच्यावरच्या टाक्यांत भरून धक्क्याला आणायचं. मी तर तोंड उघडं टाकून ऐकत होते. यवतमाळ जिल्ह्यातला माणूस, तांड्यातला, आणि समुद्रावर ज्वलनशील माल वाहतो!

“बार्जवर पळाले जागा नसते, केमिष्टबाई. चारी बाजूनं पाणी. म्हून तिथं कायदा होता, बंद कराची दोरी दोन जागी पाह्यजे. एक पंपाजवळ आन्‌ एक पार दुसऱ्या टोकाले. आमच्या बार्जवरबी दोन होत्या. टोकाची तुटेल होती. आज बांधू, उद्या बांधू करत कोणंच बांधली नाई.”

मग एके दिवशी धक्क्याला लागलेली नळी फाटली. बेंझीनचा फवारा थेट पंपाच्या अंगावर. त्याच्या वासानंच माणसाला गुंगी येते. नाईकांचा जोडीदार कोकणातला खलाशी होता. दोघं एका ताटात जेवायचे. तो त्या फवाऱ्यात शिरला.

“बंद केलं त्यानं,” नाईक म्हणाले. “बंद करूनच पडला. मंग उठलाच नाई.”

“आणि तुम्ही?”

“मी टोकाले होतो. तुटकी दोरी ओढून राह्यलो होतो.”

मला रडू आलं. नाईक उठले आणि कडुनिंबाची मूठ फडक्यानं पुसायला लागले. टँकर आला, त्यांनी ड्रायव्हरला खाली बोलावलं आणि नेहमीसारखं सुरू केलं.

कापसाची अगदी दैना झालेली ती वर्षं होती. बोंडअळीनं शेतं खाल्ली होती, आजूबाजूच्या जिनिंगा एकेक करून बंद पडत होत्या, फाटकाबाहेर सरकीच्या गाड्यांची रांग लागायची तिथं आता दिवसाला दोन-तीन गाड्या. आमचा कारखाना वर्षातले निम्मे महिने बंदच असायचा. काम चालू झालं की मॅनेजरसाहेबांना एकच घाई, आलेला माल उतरवा, चालवा, थांबू नका. साहेब उमरखेडकडचे, मनाचे वाईट नव्हते. पण त्यांच्या डोक्यावर शंभर माणसांचं काम टिकवायचं ओझं होतं, आणि नाईकांची लांबची दोरी नेमकी आडवी यायची. ती कुंपणाला लागून गेलेली. पलीकडे एक म्हैस चरायची, तिला मान खाजवायला तीच तार आवडे! तिनं मान घासली की खट्‌! टँकर बंद. ड्रायव्हर शिव्या देतोय, नाईक म्हशीला हाकलतायत, पुन्हा खिट्टी लावायची, पुन्हा दोन्ही दोऱ्या ओढून बघायच्या. एका आठवड्यात चारदा झालं.

पाचव्यांदा साहेबांचा संयम सुटला. “नाईक, कडुनिंबाची दोरी काढून टाका. जवळची आहे ना? एक पुरे.”

“साहेब, कुंपण दोन हात मागं सरकवा. दोरी नाई निघत.”

“ऐका माझं. आता आणखी एकदा ती विनाकारण ओढली गेली ना, तर दोरी मी स्वतः कापीन आणि तुम्हाला बारदान गोदामात बसवीन. पोती मोजत बसा मग.”

त्या दिवसापासून नाईकांची झोप उडाली. आपली जागा गेली तर गेली, दोरी गेली तर इथंही बार्जसारखंच होणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. जेवायची सुट्टी सोडून ते म्हशीची राखण करायला लागले. तिच्यासाठी दुसरीकडे एक खुंट रोवून दिला, मान खाजवायला! आम्ही हसायचो, आणि म्हैस त्या खुंटाकडे बघायचीसुद्धा नाही.

मग नवमी आली. दसऱ्याला नवा सीझन सुरू करायचा म्हणून कारखाना धुऊन पुसून तयार. बॉयलर चाचणीसाठी पेटवलेला, त्यात पराट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, जळत होत्या. आणि त्याच दिवशी साल्व्हंटचा टँकर येणार होता, कारण त्याशिवाय दसऱ्याला काही चालणारच नव्हतं. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा. मोटारी, घाणे, वजनकाटा, माझी काचेची भांडीसुद्धा झेंडूच्या फुलांनी सजली होती. टँकर उतरवतात त्या आवारात दिवा-उदबत्ती न्यायची नाही हे नाईकांनी आधीच बजावलं होतं. तिथं फक्त हळदकुंकू आणि फुलं.

त्या आवाराची झाडलोट कौसल्याबाई करायची. चाळिशीची, तोंडानं फटकळ, अक्षरओळख नाही. तिनं तीन वर्षं नाईकांची सगळ्यात जास्त टर उडवली होती आणि सगळ्यात जास्त वेळा मूठही तिनंच ओढली होती. त्या सकाळी तिनं काय करावं? खांबावरच्या लाल मुठीची पूजा मांडली! मूठ धुतली, हळदकुंकू लावलं, झेंडूचा जाड हार घातला, लाल फडक्यात नारळ बांधून मुठीला अडकवला. आणि नारळाच्या वजनानं दोरी ओढली जाऊ नये म्हणून मूठ खांबाला सुतळीनं आवळून बांधली, ती हाराखाली दिसतही नव्हती. अगदी विचार करून! दोरी विनाकारण ओढली गेली तर नाईकांचं काय होणार हे तिला ठाऊक होतं ना.

नाईक आले आणि खांबासमोर उभेच राहिले. टोपी काढली. मी त्यांना टोपीशिवाय पहिल्यांदा बघितलं, डोक्यावर केस नव्हतेच. त्यांचे डोळे भरून आले होते. तीन वर्षं ज्या मुठीला सगळे हसले तिला आज कोणी फूल वाहिलं होतं. मलाही आतून भरून आलं.

दुपारी दोनला टँकर आला. मी नमुना घेतला, तपासला, सही केली. माझी पिशवी भरलेली होती, तीनच्या बसनं यवतमाळला जायचं होतं, आई पुरण करून वाट बघत होती. ड्रायव्हर हैदराबादकडचा, त्यालाही रात्रीत घर गाठायचं होतं, त्यांच्याकडे दसरा मोठा. नाईकांनी दोन्ही दोऱ्या खिट्टीला अडकवल्या आणि सवयीनं मुठीकडे हात नेला.

“नाईक, आज नाई,” कौसल्याबाई म्हणाली. “आज त्याले आराम. पूजेचं हत्यार हालवत नसते.”

नाईक थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हटलं, हो, मीच म्हटलं, “राहू द्या ना नाईक, एक दिवस.”

त्यांचा हात मागं आला. कडुनिंबाची दोरीही त्यांनी ओढली नाही. एक ओढायची नाही तर दुसरीही कशाला, असं झालं असावं. नळी जोडली गेली, टँकर उघडला गेला. मी पिशवी आणायला प्रयोगशाळेकडे निघाले.

पाचच मिनिटं झाली असतील. फट्‌ असा आवाज झाला आणि पाठोपाठ ड्रायव्हरची किंकाळी! वळून बघते तर नळी टँकरपासून निसटून जमिनीवर तडफडतेय आणि साल्व्हंटचा हा जाड लोट फरशीवर कोसळतोय. ड्रायव्हर उडी मारून बाजूला झाला. वास माझ्यापर्यंत आला, डोळे चुरचुरले. वारा बॉयलरकडे होता! सत्तर-ऐंशी पावलांवर पराट्या पेटलेल्या, आणि मधल्या ओसरीवर वीस-पंचवीस बाया नवमीचा प्रसाद खात बसलेल्या.

नाईक खांबाजवळच होते. त्यांनी मूठ ओढली. ती बोटभर हलली आणि अडली. त्यांनी दोन्ही हातांनी ओढली. नारळ हेलकावे खातोय, झेंडूच्या पाकळ्या उडतायत, सुतळी तसूभर ढळत नाही! लोट त्यांच्या पायांवर, गुडघ्यांवर उसळत होता आणि ते ओढतच होते, ओढतच होते. मी जागच्या जागी खिळले. मला सगळं माहीत होतं, आणि माझे हातपाय हलत नव्हते.

“दुसरी!” नाईक ओरडले. “कडुलिंबाची! ओढा रे!”

आणि मग मी जे पाहिलं ते जन्मात विसरणार नाही. चौकीदार स्टूल उलथवून धावला. चहावाल्यानं किटली फेकली. दोन हमाल, एक व्यापारी, आणि टपाल घेऊन आलेला पोस्टमन, सगळे एकदम कडुनिंबाकडे! कोणी कोणाला विचारलं नाही, कुठं आहे, कशी ओढायची. त्यांच्या हातांना सवय होती. त्या एवढ्याशा मुठीवर किती हात पडले देव जाणे. असे ओढले की कडुनिंबावरचा खिळाच उपटून आला! आणि टँकरकडून आवाज आला.

खट्‌.

लोट बारीक झाला, थेंबांवर आला, थांबला. तिकडे बॉयलरवाल्यानं ओरडा ऐकताच आगीवर पाण्याच्या बादल्या ओतल्या होत्या, त्याची तालीमही नाईकांनीच घेतलेली. ओसरीवरच्या बायांना कौसल्याबाईनं हाका मारमारून फाटकाबाहेर काढलं. काही पेटलं नाही. कोणालाही काही झालं नाही! फक्त नाईक खांबाला धरून उभे होते ते हळूच खाली बसले. वासानं गुंगी आली होती. आम्ही त्यांना ओढून हौदाजवळ नेलं, डोक्यावर, पायांवर पाणी ओतलं. शुद्धीवर येताना ते काहीतरी पुटपुटत होते, त्यांच्या गोर बोलीत. मला त्यातला ‘याडी’ एवढाच शब्द कळला, याडी म्हणजे आई.

साहेब धावत आले. सगळं ऐकलं, उपटलेला खिळा बघितला, आणि नाईकांसमोर खाली फरशीवर बसले. “नाईक, दोरी राहील. कुंपण मी उद्याच मागे घेतो. तुमचं खरं होतं.”

“दोरीचं खरं होतं साहेब,” नाईक म्हणाले. “माहं नाई. मी आज ओढून पाह्यलं नाई. मले गोदामात टाका.”

“नाईक, मीच म्हटलं होतं राहू द्या म्हणून,” मी म्हणाले. “चूक माझी आहे.”

“तुम्ही म्हटलं. आयकलं मीनं.” ते माझ्याकडे बघून अगदी मायेनं बोलत होते, त्यानं मला जास्तच लागलं. “फूल वाह्यलं ना कोणं तरी, केमिष्टबाई. तोडाची लाज वाटली मले. वीस-पंचवीस बाया तिथं खात बसेल, आन्‌ मी लाजलो! असा माणूस इथं नाई पाह्यजे.”

साहेबांनी समजावलं, मी समजावलं, ऐकतील तर नाईक कसले. “मग टँकर कोण उतरवणार?” साहेब शेवटी वैतागून म्हणाले.

नाईकांनी कौसल्याबाईकडे बोट दाखवलं. ती भिंतीला टेकून बसली होती, तोंडाला पदर लावून. आपल्या हातची सुतळी ती बघत होती.

“झाडूवाली?” साहेब म्हणाले.

“साहेब, ह्या आवारात आज तिच्याइतकं भेलेलं कोणी नाई,” नाईक म्हणाले. “आता तिच्या हातून एकबी टँकर ओढून पाह्यल्याबिगर सुटणार नाई.”

त्या दिवशी मी तीनच्या बसनं गेले नाही. पुढच्याही नाही. घरी फोन करून आईला सांगितलं, दसरा इथंच.

दसऱ्याच्या सकाळी निम्मा भरलेला टँकर तसाच उभा होता. नवी नळी आली होती, कडुनिंबावर नवा खिळा ठोकला होता. सगळे जमले. कौसल्याबाई कालच्याच लुगड्यात आली, हातात विळा. तिनं खांबाजवळ जाऊन सुतळी कापली. नारळ फरशीवर पडून घरंगळत गेला. हार तिनं ओढून तोडला. दोन्ही दोऱ्या खिट्टीला अडकवल्या, कडुनिंबाची ओढून एक खट्‌ ऐकलं, खिट्टी परत लावली आणि चौकीदाराला म्हणाली, “नाईकाले बोलाव.”

नाईक गोदामातून आले, अंगाला बारदानाचा भुसा लागलेला. लांबच उभे राहिले.

“ओढा,” ती म्हणाली.

“माहं काम नाई आता ते.”

“तुमचं नाई, माहं हाये ना? तुम्ही ओढल्याबिगर मी टँकर खोलू देत नाई. ड्रायव्हरले दसरा हाये, सायबाले सीझन हाये. बसू द्या सगळ्याले.” तिचा आवाज चढला. “काल तुमचा हात मागं आला माह्यामुळं. तो मागंच ठेवून जासान काय गोदामात? ओढा म्हटलं ना!”

नाईक दहा पावलं चालत आले. त्यांनी लाल मूठ धरली, तिच्यावर अजून हळद होती, आणि ओढली.

खट्‌.

नाईकांनी मूठ सोडली नाही. तसेच उभे राहिले, मान खाली, खांदे हलतायत. शेवटी कौसल्याबाईच पुढं झाली. तिनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली,

“सोडा आता, नाईक. टँकर खोलाचा हाये.”